चार दिवसांचं शूटिंग

मुकुंद भोयरला स्वतःच्या घरात बसायला जागा उरली नव्हती. उभं राहावं म्हटलं तर कुणी ना कुणी ओरडायचं, "काका, जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना." म्हणून बिचारा घराभोवती फिरायचा. फाटकापासून निघायचा, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, मागच्या कढीपत्त्याला हात लावायचा आणि पुन्हा फाटकाशी यायचा. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पंधरा-वीस फेरे, संध्याकाळी आल्यावर तेवढेच. हुडकेश्वरच्या त्या लेआउटमधल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांना वाटलं, डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. कुणी तसं विचारलंच तर मुकुंद म्हणायचा, "हो, हो." बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं दुसरं उत्तर फारसं कुणाला दिलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. मुकुंदचा मोठा भाऊ सुमंत कोराडीच्या वीज केंद्रातून साहेब म्हणून रिटायर झाला आणि तिकडेच सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिला. त्याच्या मित्राचा मुलगा विहंग पुण्याहून सिनेमा काढायला आला. सिनेमा घरगुती, विनोदी. त्यासाठी घर पाहिजे होतं ते अगदी साधं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वळून पाहू नये असं. सुमंतला लगेच धाकट्या भावाचं घर आठवलं. त्यानं मुकुंदला विचारलं नाही, नुसतं कळवलं.

"चार दिवसांचं शूटिंग आहे गा. मी हो म्हणून टाकलं."

"हो, हो. चालते ना, दादा," मुकुंद म्हणाला.

त्या चार दिवसांचे आता बावीस झाले होते. मधले काही पावसानं खाल्ले, काही हिरोच्या तापानं खाल्ले, आणि उरलेले कशानं खाल्ले ते विहंगलाच ठाऊक. दिवाणखान्यात वायरींचं जाळं, बेडरूममध्ये कपड्यांच्या पेट्या. मुकुंदची बायको तारा पहिल्या दिवशी हौसेनं सगळ्यांना चहा पाजून बसली, ती तेव्हापासून गॅससमोरून हललीच नाही. रोजचे साठ कप. हिरो तिला "तारामावशी" म्हणतो याचं कौतुक पहिल्या आठवड्यातच ओसरलं होतं.

सिनेमाची गोष्ट विहंगनं मुकुंदला मोठ्या उत्साहानं सांगितली होती. "काका, एक साधा माणूस आहे. घरचे, ऑफिसचे, शेजारचे, सगळे त्याच्या डोक्यावर बसतात. तो बोलतच नाही. आणि शेवटी एक दिवस उभा राहतो आणि सांगतो, बस झालं!"

"वा! लय चांगली गोष्ट आहे," मुकुंद म्हणाला. तेवढ्यात एकाला त्याची खुर्ची दिवा टेकवायला हवी होती, म्हणून तो उठला.

खुर्चीचं सोडा, शर्टही गेले होते. हिरोसाठी पुण्याहून आणलेले कपडे कॅमेऱ्यात फारच नवे दिसायला लागले, तेव्हा दोरीवर वाळणारा मुकुंदचा चौकड्यांचा शर्ट त्यांच्या नजरेत भरला. "काका, असे अजून आहेत?" होते, चार होते. चारही गेले. आता मुकुंद भूमापन कार्यालयात लग्नाचे ठेवणीतले शर्ट घालून जात होता आणि त्याच्या घरात त्याचाच शर्ट घातलेला एक देखणा माणूस दिवसातून दहा वेळा छाती काढून म्हणत होता, "हे घर माझं आहे!" मुकुंद फाटकाशी उभा राहून ऐकायचा. दहाही वेळा ऐकून झालं की तो चालायला लागायचा.

पण शर्ट, खुर्ची, चहा, हे सगळं त्यानं गिळलं असतं. त्याच्या जिवाला लागली होती ती दिवाणखान्यातली रिकामी खिडकी.

त्या खिडकीत त्याचे वडील बसायचे. बापूजी, वय चौऱ्याऐंशी. उमरेडकडची शेती खाणीत गेली तेव्हापासून ते मुकुंदकडे होते, आणि खिडकीशी टाकलेल्या खाटेवर बसून लेआउटचा कारभार पाहत होते. कोण किती वाजता गेला, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पोरगं शाळा बुडवून फिरतंय, सगळं त्यांना ठाऊक. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस त्यांना रामराम करून जायचा, आणि जो करायचा नाही त्याला ते स्वतः हाक मारायचे.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. हिरोनं बायकोचं काम करणाऱ्या बाईला दुःखानं विचारलं, "मी कुठे चुकलो?" आणि खाटेवरून बापूजी म्हणाले, "तू आधी तिले बोलू तं दे ना गा." सगळे हसले. दुसऱ्यांदा बापूजींनी त्याला आणखी सल्ला दिला, तेव्हा कुणी हसलं नाही. मग विहंगनं मुकुंदला कोपऱ्यात घेतलं. आजोबांना चार दिवस दुसरीकडे ठेवता येईल का? सुमंत तिथेच होता, म्हणाला, माझ्याकडे ठेवू. दोघांनी मुकुंदकडे पाहिलं. आणि मुकुंदच्या तोंडून निघालं, "हो, हो. चालते."

बापूजी पिशवी घेऊन गाडीत बसले. फक्त विचारलं, "चारच दिवस ना?"

पाचव्या दिवशी मुकुंद त्यांना आणायला निघाला, तर विहंगच्या टोळीतली भैरवी आडवी आली. ही पोरगी हातात टॅब घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढायची आणि वस्तू बोटभर जरी सरकली तरी किंचाळायची. भिंतीवरचं कॅलेंडर तिनं जुलैतच थांबवून ठेवलं होतं, ऑगस्ट सरत आला तरी ताराला पान उलटायची मुभा नव्हती. "काका, पहिल्या सीनमध्ये खिडकी रिकामी दिसली आहे. आता शेवटपर्यंत रिकामीच दिसायला पाहिजे. मध्येच आजोबा आले तर कंटिन्युइटी जाईल." मुकुंदला तो शब्द नीट कळला नाही. एवढंच कळलं की जोवर सिनेमा संपत नाही तोवर त्याच्या बापाला त्याच्या घरात जागा नाही. आणि तरी तो "हो, हो" म्हणाला.

तेव्हापासून बापूजींचा फोन दिवसातून तीनदा यायचा.

"मुकुंदा, आज येऊन राहिला का गा?"

"उद्या नेतो, बापूजी."

"इथं खाली पाहाव तं मानसं मुंग्यायेवढे दिसतेत. रामराम कोनाले करू? त्या धुराड्यायले करू काय?"

"उद्या नक्की, बापूजी."

फोन ठेवला की मुकुंदला स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली की पाय चालायला लागायचे. टाकी, कढीपत्ता, फाटक. टाकी, कढीपत्ता, फाटक.

आता कुणी म्हणेल, एवढा मोठा सरकारी नोकरीतला माणूस, एक 'नाही' म्हणायला काय होतं? त्याला काय होतं ते मुकुंदला चांगलं ठाऊक होतं. तो दहा वर्षांचा असताना पोरांच्या तान्ह्या पोळ्याला सुतारानं त्याला लाकडी बैल करून दिला होता. निळ्या शिंगांचा, चाकांचा. आत्याच्या पोरानं तो मागितला. मुकुंद म्हणाला, नाही. ओसरीवर बापूजी चार पाहुण्यांत बसले होते. त्यांनी मुकुंदला बोलावलं, सगळ्यांसमोर त्याच्या हातून दोरी सोडवली आणि आत्याच्या पोराच्या हातात दिली. "भोयराच्या दारातून कोनी 'नाही' आयकून जात नाही," ते म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मुकुंद जे 'हो' शिकला ते आजतागायत विसरला नव्हता.

आणि आता त्याच 'हो'पायी बापूजी सातव्या मजल्यावर बसले होते. पण ही गोष्ट कुणाला सांगणार? तारालाही त्यानं कधी सांगितली नव्हती.

तेविसाव्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, चंपतराव भाजीवाल्यानं घात केला. चंपतरावची गाडी रोज खिडकीसमोर थांबायची, बापूजींशी दोन शब्द झाल्याशिवाय पुढे जायची नाही. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच तो गावी गेला होता. आज आला, रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, घरासमोर उभ्या गाड्या आणि माणसं पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली. फाटकाशी मुकुंद उभा होताच.

"मुकुंदभाऊ," तो हळूच म्हणाला, "कवा झालं?"

"काय कवा झालं?"

"बापूजीचं."

मुकुंदला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच. "अरे, नाही बापा! आहेत, चांगले आहेत. दादाकडे गेले आहेत."

"मंग काहून दिसून नाही राहिले? पोयालेबी नाही?" चंपतरावनं टोपी डोक्यावर ठेवली, पण चेहऱ्यावरून त्याला पटलेलं दिसत नव्हतं. जाताना त्यानं रोजच्यासारखी बापूजींची ताजी मेथीची जुडी मुकुंदच्या हातात दिली. मुकुंद ती हातात धरून घराभोवती किती फेरे फिरला कुणास ठाऊक. शेवटी तारानं मागच्या दारातून हाक मारली आणि जुडी काढून घेतली, तेव्हा तिची पानं चोळामोळा झालेली होती.

"अहो, बोलून टाका न एकदा," ती म्हणाली. "मी किती दिवस झाले पाहून राहिली. ना धड जेवता, ना धड बसता."

"बोलतो. आत्ताच बोलतो."

त्यानं सुमंतला फोन लावला. मनाशी वाक्य ठरवलं होतं: दादा, आज बापूजीले घरी आणतो. सोपं वाक्य. सुमंतनं फोन उचलला आणि मुकुंदनं तोंड उघडायच्या आतच सुरू केलं, "बरं झालं तू फोन केला. उद्या त्यायचा शेवटचा मोठा सीन आहे. मलेबी शेजाऱ्याचा रोल दिला आहे. अन् विहंग म्हणून राहिला का अजून चार दिवस लागतीन. मी म्हणलं, मुकुंदाचं काही नाही. बरोबर ना?"

"हो, हो," मुकुंद म्हणाला.

तारा समोरच उभी होती. ती वळली आणि आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

हा शेवटचा मोठा सीन म्हणजे करीचा. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी कर. त्या सकाळी घरातला मोठा माणूस डहाळी उपसतो, घरभर फिरवतो आणि घरातून जे जे जायला पाहिजे त्याचं नाव घेऊन ओरडतो, 'घेऊन जा गे मारबत!' मग ती डहाळी वस्तीबाहेर नेऊन फेकायची. शहरात त्या दिवशी मारबतींची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बायकी पुतळ्यांची, आणि बडग्यांची, म्हणजे बाप्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, पण भोयरांच्या घरी डहाळीचा मान मोठा. त्या सकाळी कुणाचंही नाव घेतलेलं चालतं आणि कुणी राग धरायचा नसतो. बापूजींनी एका वर्षी तलाठ्याला नेऊन टाकलं होतं, एका वर्षी सुमंतच्या मिशा. ही सगळी गंमत त्यांनी पहिल्याच दिवशी विहंगला सांगितली होती. पोरानं ती उचलली आणि सिनेमाच्या शेवटाला लावली. साधा माणूस डहाळी घेतो आणि सगळं बोलून टाकतो. सांगणाऱ्याला मात्र कोराडीला पाठवलं.

करीच्या सकाळी आठ वाजता सगळे जमले. सुमंत शेजारी म्हणून गॉगल लावून आला. हिरोनं मुकुंदच्या चौकड्यांच्या शर्टात डहाळी उचलली आणि ओरडला. आवाज चांगला होता, पण रेल्वे स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी तसा. विहंगनं चार वेळा थांबवलं, पाचव्या वेळी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फाटकाकडून कढीपत्त्याकडे निघालेला मुकुंद त्याला दिसला.

"काका, तुम्ही आजोबांना ओरडताना ऐकलं असेल ना? जरा याला करून दाखवा ना."

"हो, हो," मुकुंद म्हणाला आणि त्यानं डहाळी हातात घेतली.

त्यानं सुरुवात केली ती अगदी शिकवणीच्या आवाजात. "मच्छर घेऊन जा गे मारबत. खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत."

"मोठ्यानं, काका!"

मुकुंद डहाळी फिरवत दिवाणखान्यात शिरला. पाय वायरीत अडकला, आणि सावरताना नजर खिडकीवर गेली. रिकामी खिडकी. खाट नाही, बापूजी नाहीत. बाहेर चंपतरावची गाडी उभी होती आणि चंपतराव खिडकीकडे न पाहता मान खाली घालून निघाला होता.

"ह्या वायरा घेऊन जा गे मारबत!" मुकुंद ओरडला.

पोरं हसली. हिरोनं टाळी वाजवली. त्यांना वाटलं, काकांना मजा यायला लागली.

"जुलैत अडकलेलं कॅलेंडर घेऊन जा गे मारबत! रोजचे साठ कप चहा घेऊन जा गे मारबत!" तारा हातात गाळणी घेऊन दारात आली. "माहा शर्ट घालून, माह्याच घरात उभा राहून, 'घर माझं आहे' म्हणणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" हिरोनं नकळत गळ्याशी हात नेला. "ते कंटिन्युइटी का काय, तिले घेऊन जा गे मारबत! अन् दादा, तुहे चार दिवस! तुहे चार दिवस घेऊन जा गे मारबत!"

सुमंतनं गॉगल काढला. आता कुणी हसत नव्हतं.

मुकुंद खिडकीशी पोचला. त्यानं डहाळी गजांवरून फिरवली, आणि त्याचा आवाज फाटला. "ही रिकामी खिडकी घेऊन जा गे मारबत! माहा बाप जित्ता आहे, अन् लोकं टोपी काढून राहिले! अन् हे माहं हो, हो... हे माहं हो-हो घेऊन जा गे, बाई! लय झालं."

तो तसाच बाहेर पडला. फाटक, रस्ता, लेआउट संपतो तिथला नाला. डहाळी फेकली आणि परत आला. त्याच्या मागे जायची कुणाची हिंमत झाली नाही.

तो आला तेव्हा विहंग अंगणात नाचायचाच बाकी होता. "काका! कमाल! हेच पाहिजे होतं! पण आमचा कॅमेरा बंद होता हो. एकदाच, फक्त एकदाच परत करा. अगदी असंच. सिनेमात तुम्हालाच ठेवतो. कराल ना?"

सगळ्यांनी मुकुंदकडे पाहिलं. उत्तर काय येणार ते ताराला माहीत होतं, सुमंतला माहीत होतं. भैरवीनं तर त्याच्यासाठी दुसरी डहाळीही उपसून आणली होती. मुकुंदनं तोंड उघडलं. तो जुना शब्द ओठांपर्यंत आला, आणि त्यानं तो गिळला.

"नाही," तो म्हणाला.

"काका, एकच टेक..."

"नाही म्हणलं ना, बाबा. तुह्या कामात खोडा घालून नाही राहिलो. अंगणात कर, गच्चीवर कर, दोन दिवस घे. पण मी आत्ता बापूजीले आणाले जाऊन राहिलो. येऊ तवा खाट खिडकीशी पाहिजे. खिडकीत म्हातारा दिसला तं दिसला. तुह्या सिनेमातल्या माणसालेबी बाप असनच ना कोणी." मग तो भावाकडे वळला. "चाल, दादा. गाडी काढ."

आणि सुमंत, ज्यानं आयुष्यात धाकट्याचं ऐकलं नव्हतं, खिशात किल्ली शोधायला लागला.

कोराडीला दार सुमंतच्या बायकोनं, चारुशीलानं उघडलं. दारामागेच स्टुलावर बापूजी बसले होते. धोतर, टोपी, पायात वहाणा, मांडीवर पिशवी.

"आज येणार हे तुमाले कोणं सांगितलं?" मुकुंदनं विचारलं.

"कोणंच नाही," चारुशीला म्हणाली. "ते रोजच असे तयार होऊन बसतेत, भाऊजी. पहिल्या दिवसापासून. संध्याकाळी म्हणतेत, उद्या येईन मुकुंदा, अन् वहाणा काढतेत."

मुकुंद वाकला आणि नीट बांधलेल्या वहाणांचे पट्टे उगाच पुन्हा नीट करत राहिला.

गाडी शहराकडे निघाली तसे बापूजी खुलले. आज कर आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "सुमंता, गाडी इतवारीकडून घे. मारबत पाहून जाऊ. बडगे पाहून जाऊ."

त्या दिवशी मिरवणुकीपायी इतवारीत मुंगीला शिरायला जागा नसते. सुमंतनं आरशातून मुकुंदकडे पाहिलं. बापूजींचा शब्द, सुमंतनंही तो कधी मोडला नव्हता. मुकुंदला पुन्हा सगळं दिसलं. ओसरी, चार पाहुणे, निळ्या शिंगांचा बैल.

"नाही, बापूजी," तो म्हणाला. "गर्दीत चेंगरून जासान तुमी. सीधं घरी जायचं."

बापूजींनी मान वळवून मुकुंदकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग समोर रस्त्याकडे पाहत बसले. हुडकेश्वर येईपर्यंत मुकुंद हाताची बोटं मोडत बसला होता.

खाट खिडकीशी लावलेली होती. तारानं वर धुतलेली चादर घातली होती आणि कॅलेंडरचं पान उलटलं होतं. बापूजी बसले, दोन्ही हातांनी गज धरले, रस्ता डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतला. चंपतरावची गाडी परत येत होती. खिडकीत बापूजी दिसताच तो जागीच थबकला आणि गाडी तिथेच सोडून धावत आला.

"चंपत्या, इकडे ये," बापूजींनी हाक मारली. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. "आयकलं का गा? आज माह्या मुकुंदानं मले नाही म्हणलं."

चंपतरावला काही कळलं नाही. बापूजींचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं, तोवर त्यांना पलीकडच्या घरातले दोघं येताना दिसले होते. त्यांनाही थांबवून सांगितलं. संध्याकाळपर्यंत रस्त्यानं जो गेला त्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, घरात नातू झाल्याचं सांगावं तशा आवाजात. आणि मुकुंद आत, चोवीस दिवसांनी मिळालेल्या आपल्या खुर्चीवर, शांत बसून ऐकत होता.